उंदराची जात ओळखायची कशी?
(ऊसशेती अभ्यासपाठ : जर्बिल आणि त्याचे सोबती)



मागच्या हंगामात आमच्या हातून एक चूक झाली. ती झाकून ठेवण्यापेक्षा तिच्यावरच एक पाठ लिहावा, म्हणजे आमचेही शिकणे होईल आणि सभासदांचाही फायदा होईल, असे आम्ही शेतकी विभागातल्या मंडळींनी ठरवले.

झाले ते असे. एका सभासदांचा आडसाली ऊस पाटाच्या कडेला होता. ऊस जोरदार, पण वाऱ्यापावसाने लोळलेला. बुडाजवळच्या कांड्या कुरतडलेल्या दिसू लागल्या. त्यांनी गट ऑफिसला कळवले, आम्ही गेलो. शेताची एक बाजू पाटाकडे आणि दुसरी माळाकडे. माळाकडच्या बांधावर बिळेच बिळे होती. आम्ही म्हटले, सापडला चोर! बांधावर आमिष टाकले. दुसऱ्या दिवशी मेलेले उंदीर मोजले आणि काम फत्ते झाले म्हणून परत आलो.

तीन आठवड्यांनी पुन्हा निरोप. कुरतडणे चालूच होते, उलट वाढले होते. आम्ही म्हणालो, औषधच भेसळीचे असणार. तेव्हा त्या सभासदांच्या आई बांधावर बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "औषधाला कशाला नावं ठेवता? तुम्ही मारले ते शेपटीला गोंडा असलेले. माझा ऊस खातोय तो आखूड शेपटीचा काळा. तो पाटाकडं हाय, पाचटाखाली बघा."

आम्ही पाचट बाजूला केले. सरीत बिळ होते, तोंडावर ताज्या मातीचा ढीग होता आणि आत लहान घूस होती. बांधावर आम्ही मारलेले होते ते जर्बिल. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसे झाले. आता जर्बिल अगदीच संन्यासी आहे असे नव्हे. भुईमूग, ज्वारी, गहू यांचे तोही नुकसान करतो. पण त्या शेतातला तो ऊस त्याने खाल्लेला नव्हता.

त्या आजींनी एका नजरेत जे ओळखले ते आम्हाला का ओळखता आले नाही, याचा विचार करताना आम्ही थोडे वाचन केले. तेव्हा समजले की जर्बिलची जात ओळखताना आमच्यासारखेच नव्हे, तर मोठमोठे शास्त्रज्ञही दोनशे वर्षे चुकत आणि सुधारत आले आहेत. त्यांच्या चुकांतून आपल्याला शेतात उपयोगी पडेल असा धडा मिळतो. तोच आजचा पाठ.

१. जात म्हणजे काय?

आपण ऊसवाले, म्हणून उसाच्याच उदाहरणाने सुरू करू. पूर्वीचा को ७४० असो, नाहीतर आजचा को ८६०३२ किंवा फुले २६५ असो, रस्त्यावरून जाणाऱ्याला सगळा एकच ऊस. पण बेणे घेताना आपण काय बघतो? कांडीचा रंग, कांडीचा आकार, डोळ्याची ठेवण, पानाची रुंदी, कूस आहे की नाही. एकच खूण बघून कोणी बेणे घेत नाही. घेतले तर फसगत ठरलेली.

हे झाले वाणाचे. वाण माणसाने तयार केलेले असतात. निसर्गातल्या जातीचे तसे नाही. ज्या प्राण्यांचा आपापसांत संबंध येऊन, त्यांना पिल्ले होऊन, त्या पिल्लांनाही पुढे पिल्ले होतात, ते एका जातीचे अशी साधी व्याख्या आहे. ऐकायला सोपी आहे, पण रात्री बिळाबाहेर पडणाऱ्या प्राण्याचे लग्न कोणाशी लागले हे बघायला कोण जाणार? म्हणून शास्त्रज्ञ दिसणाऱ्या खुणांवरून अंदाज करतात, आणि खुणा फसवतात.

शास्त्रीय नावाचे दोन भाग असतात. पहिला भाग आडनावासारखा, त्याला प्रजाती म्हणतात. दुसरा भाग जातीचा. आपल्याकडच्या जर्बिलचे आजचे नाव आहे टटेरा इंडिका. टटेरा हे आडनाव, इंडिका ही जात. जर्बिल म्हणजे हा एकच प्राणी नव्हे. आफ्रिका आणि आशियाच्या कोरड्या मुलखात जर्बिलच्या शंभराच्या आसपास जाती आहेत. 'आसपास' म्हणण्याचे कारण पुढे येईलच.

२. लांब पायांनी केलेली फसगत

१८०७ साली हार्डविक नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने उत्तर हिंदुस्थानातल्या या उंदराचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. मोठे काळेभोर डोळे, लांब मागचे पाय, टुणकन उडी मारायची सवय आणि शेपटीच्या टोकाला गोंडा. हे बघून त्याने या उंदराला जर्बोआच्या प्रजातीत घातले आणि डायपस इंडिकस असे नाव दिले. जर्बोआ म्हणजे वाळवंटातला, कांगारूसारखा दोन पायांवर उड्या मारणारा छोटा प्राणी. दोघांचे पाय लांब, म्हणून दोघे भाऊ, असा हिशेब.

पण लांब पाय हे नात्याचे लक्षण असेलच असे नाही. मोकळ्या माळावर घुबडापासून आणि कोल्ह्यापासून जीव वाचवायचा तर लांब उडी मारता आली पाहिजे. जो जो प्राणी तसा राहतो, त्याचे पाय लांब होत जातात, मग त्याचे कूळ कोणतेही असो. ओढ्याकाठी राहणारे सगळेच पोहायला शिकतात, म्हणून ते सगळे एका घरचे ठरत नाहीत.

पुढे चूक लक्षात आली आणि हा उंदीर जर्बिलांमध्ये आला. तेव्हा त्याचे नाव जर्बिलस इंडिकस झाले. नंतर १८८२ साली लातास्त या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने टटेरा ही वेगळी प्रजाती केली आणि आपल्या उंदराचे आडनाव पुन्हा बदलले. प्राणी तोच, बिळ तेच, आणि पाऊणशे वर्षांत आडनावे तीन. आपल्याकडे सातबाऱ्यावर सुद्धा इतक्या वेळा नाव बदलत नाही!

३. आपल्या मुलखातला अभ्यास

हा अभ्यास दूर कुठे झाला असे समजू नका. धारवाडला कंपनी सरकारच्या नोकरीत असलेल्या वॉल्टर एलियट या अधिकाऱ्याने १८३९ साली दक्षिण मराठा मुलखातल्या सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली. तेव्हा धारवाड-बेळगावकडच्या प्रदेशाला इंग्रज त्या नावाने ओळखत. या यादीत शेतातल्या उंदरांबद्दल फार बारकाईने लिहिले आहे, आणि ते एलियटला कळले कोणाकडून? तळी खोदणाऱ्या, मातीकाम करणाऱ्या वडार मंडळींकडून. त्यांना कुठले बिळ कोणाचे, आत धान्य सापडेल की नाही, हे वरून बघून सांगता येत असे. लहान घुशीच्या बिळात ज्वारीचा साठा सापडतो, तो ते खणून काढत.

वडारांच्या आणि कानडी बोलीतली नावे एलियटने जशी ऐकली तशी टिपून घेतली. मऊ केसांच्या शेतउंदराला 'मेट्टाडे' म्हणत, लहान घुशीला 'कोक'. नमुने लंडनला गेले. तिथे ग्रे या शास्त्रज्ञाने १८३७ साली मऊ केसांच्या उंदराचे नाव छापले ते 'मेलटाडा' असे. काही जुन्या पुस्तकांत पुढे 'मेट्टाडा' असेही छापले गेले. पण शास्त्राचा नियम आहे, की पहिल्यांदा जे छापले ते चालायचे. म्हणून आज या उंदराला जगभर मिलार्डिया मेलटाडा म्हणतात. बिळ खणणाऱ्या माणसाचा शब्द आहे तो, फक्त एक अक्षर वाकडे झाले आहे.

याच एलियटने १८२६ सालची एक हकिकत लिहून ठेवली आहे. त्या साली पाऊस कमी पडला आणि मेट्टाडे बेसुमार वाढले. पेरलेले बी त्यांनी उकरून खाल्ले. ज्वारी पोटरीतून बाहेर पडून दाण्यात आली तेव्हा ताटावर चढून कणसे तोडली. सगळी शेते बसली, शेतकऱ्यांना सारा भरता येईना. वडारांना डझनावर धान्याचे माप ठरवून उंदीर मारायला लावले. त्यांनी हजारोंनी मारले, तरी उंदीर कमी झाल्याचे दिसेना.

यात आपल्यासाठी एक गोष्ट आहे. एलियटच्या यादीत जर्बिलही आहे, लहान घूसही आहे. पण त्या साली पिकाचा नाश केला तो मेट्टाड्याने, हे तो नाव घेऊन सांगतो. 'उंदरांनी पीक खाल्ले' एवढेच लिहून तो थांबला असता, तर आज आपल्याला त्यातून काहीच शिकता आले नसते.

४. रंगावरून वाढलेल्या जाती

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशभरातून नमुने गोळा होऊ लागले. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ च्या सुमारास सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी सुरू केली, ती १९२३ पर्यंत चालली. या कामात मुंबई इलाख्याच्या जंगल खात्यातून निवृत्त झालेले राउटन साहेब प्रमुख होते. टटेरा प्रजातीवर त्यांनी त्याआधीच, १९०६ साली, काम केले होते. त्या काळात कातडे थोडे पिवळट दिसले की एक जात, थोडे करडे दिसले की दुसरी, शेपूट जरा लांब की तिसरी, अशी नावे वाढत गेली. दक्षिणेतला जर्बिल, लंकेतला जर्बिल, वायव्येकडचा जर्बिल, सगळे वेगवेगळे मानले गेले.

पण जर्बिलच्या अंगाचा रंग पुष्कळदा मातीला मिळताजुळता असतो. वाळूच्या मुलखात फिका, काळ्या मातीत गडद. मातीच्या रंगाचा उंदीर घुबडाला दिसत नाही, तो वाचतो, त्याची पिल्लावळ वाढते. पांढऱ्या मातीच्या वाटेने चालणाऱ्याचे आणि काळ्या रानातून आलेल्याचे पाय वेगळ्या रंगाचे दिसले, म्हणून माणसे वेगळी होत नाहीत. पुढे एलरमन वगैरे शास्त्रज्ञांनी हे नमुने एकत्र मांडून पाहिले, तेव्हा एका टोकाच्या रंगापासून दुसऱ्या टोकाच्या रंगापर्यंत मधल्या सगळ्या छटा सापडत गेल्या. मग या बहुतेक 'जाती' पुन्हा एका टटेरा इंडिकामध्ये जमा झाल्या.

म्हणजे पहिली चूक परक्यांना भाऊ मानण्याची. दुसरी चूक एकाच घरातल्यांना परके मानण्याची.

५. दिसायला एक, आतून वेगळे

तिसरा प्रकार याहून अवघड. तो आपल्याकडचा नाही, पश्चिम आफ्रिकेतला आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला सेनेगल, माली, नायजर, चाड असा कोरडवाहू पट्टा आहे. तिथले शेतकरी बाजरी आणि भुईमूग करतात. तिथे टटेरिलस नावाचे जर्बिल असतात. १९७५-७६ च्या सुमारास सेनेगलमध्ये उंदरांचा मोठा उद्रेक झाला, त्यात हे जर्बिलही होते.

हे टटेरिलस हातात घेऊन बघितले तरी एकमेकांपासून ओळखता येत नाहीत. रंग तोच, माप तेच, कवटीही जवळजवळ तीच. मग शास्त्रज्ञांनी त्यांच्या पेशींतली गुणसूत्रे मोजली. गुणसूत्रे म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या गुणांचे धागे. एका जातीच्या प्राण्यांत त्यांची संख्या साधारण ठरलेली असते. माणसात ती ४६.

मोजल्यावर आश्चर्य वाटले. सेनेगलमध्येच एका टटेरिलसची गुणसूत्रे मादीत २२ आणि नरात २३ निघाली, तर त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्याची मादीत ३६ आणि नरात ३७. नायजर-बुर्किना फासोकडे १८ आणि १९ वाला सापडला. मालीतून तर १४ आणि १५ गुणसूत्रांचा निघाला, त्याला २००३ साली नवी जात म्हणून नाव मिळाले. धाग्यांच्या संख्येत एवढा फरक असला, की संकर झाला तरी पुढची पिढी नीट चालत नाही. म्हणजे या खऱ्याखुऱ्या वेगळ्या जाती. वरून मात्र एकाच साच्यातून काढलेल्या विटा.

आता लक्षात येईल, की जर्बिलच्या जाती 'शंभराच्या आसपास' असे मोघम का म्हणावे लागते. कोणी रंगावरून मोजतो, कोणी कवटीवरून, कोणी गुणसूत्रांवरून. मोजण्याचे माप बदलले की आकडा बदलतो.

अलीकडच्या काळात डीएनए तपासणी आली. पूर्वी आफ्रिकेतल्या कितीतरी जर्बिलांना आपल्या जर्बिलचेच टटेरा हे आडनाव होते. दिसायला सगळे सारखेच मोठे, गोंडेदार शेपटीचे. कवटीच्या बारीक अभ्यासावरून शंका होतीच, डीएनएवरून ती पक्की झाली. आफ्रिकेतले जर्बिल वेगळ्या शाखेचे निघाले. त्यांना आता जर्बिलिस्कस हे आडनाव दिले जाते, आणि टटेरा प्रजातीत आपला टटेरा इंडिका एकटाच उरला आहे. भाऊबंदांनी भरलेल्या वाड्यात शेवटी एकच चूल राहावी, तसे झाले.

६. हे सगळे आपल्याला कशाला?

कोणी सभासद म्हणतील, "साहेब, आडनाव टटेरा असो की आणखी काही, आमचा ऊस वाचतो का ते सांगा." प्रश्न रास्त आहे. दोन कारणे सांगतो.

पहिले कारण रोगाचे. प्लेगच्या जंतूपुढे घरातला काळा उंदीर लवकर मरतो. जर्बिल मात्र त्या मानाने तग धरतो. त्यामुळे रानात रोग धुमसत राहतो आणि पिसवांमार्फत गावातल्या उंदरांपर्यंत पोचू शकतो. उत्तर प्रदेशात आणि दक्षिणेत झालेल्या अभ्यासांत टटेरा इंडिकाचे हे काम दिसून आले आहे. १९९४ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले होते, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. अशा वेळी 'उंदीर पडले' एवढे सांगून भागत नाही. घरातले पडले की रानातले, आणि कोणत्या जातीचे, यावर पुढचा तपास अवलंबून असतो. आपल्या तोडणी कामगारांची कोपी रानाच्या कडेलाच असते. मुलेबाळे जमिनीवर झोपतात. त्यांच्यासाठी ही माहिती आपण ठेवली पाहिजे.

दुसरे कारण पैशाचे. बुडात कुरतडलेली कांडी नुसती वजनाला कमी भरत नाही. त्या जखमेतून लाल कुजीसारखे रोग आत शिरतात, रस बिघडतो, ऊस मोडून पडतो. टनेजही जाते आणि उताराही. त्यातून चुकीच्या उंदरावर औषध टाकले, तर औषधाचा खर्च वेगळा, मजुरी वेगळी आणि चोर मोकळाच. मागच्या वर्षी आमचे नेमके हेच झाले.

७. शेतातल्या खुणा

आता प्रत्यक्ष ओळख. आपल्या भागात मुख्यतः पुढचे उंदीर भेटतात.

जर्बिल : डोळे मोठे, पोट पांढरे, मागचे पाय लांब. शेपूट अंगाएवढी किंवा जास्त लांब, आणि टोकाला काळसर केसांचा गोंडा. बिळे कोरड्या, हलक्या जमिनीत, बांधावर, माळाच्या कडेला. एका घराला बरीच तोंडे. काही तोंडे तो आतून मातीने बुजवतो.

लहान घूस : अंगाने जाड, तोंड आखूड, रंग काळपट. शेपूट अंगापेक्षा आखूड, गोंडा नाही. चिडली की केस फुलवून गुरगुरते. ओलिताच्या जमिनीत, पाटाच्या कडेला, सरीत राहते. बिळाच्या तोंडावर ताज्या मातीचा ढीग. उसाचे बूड कुरतडण्यात हिचा हात मोठा.

मऊ केसांचा शेतउंदीर, म्हणजे एलियटचा मेट्टाडा : वरच्या दोघांपेक्षा लहान, केस मऊ. काळ्या जमिनीच्या भेगांत, बांधात, दगडांच्या ढिगात राहतो. बिळ साधे.

झुडपी उंदीर, शास्त्रीय नाव गोलुंडा : अंगावर पिवळट-तपकिरी ठिपक्यांसारखी छटा, तोंड गोलसर, शेपूट अंगापेक्षा आखूड. गवताचे घरटे करतो.

याशिवाय बोटाएवढा छोटा शेतातला उंदीर असतो, तो सगळ्यांच्या परिचयाचा आहे.

इथे एक सावधगिरी सांगतो. काही मंडळी दात बघून जर्बिल ओळखतात. जर्बिलच्या वरच्या पुढच्या दातांवर उभी खाच असते, हे खरे. पण झुडपी उंदराच्या दातांवरही तशीच खाच असते! दातावर गेलात तर फसलात. मात्र दाढा बघितल्या तर फरक कळतो. जर्बिलच्या दाढांवर आडव्या पट्ट्या असतात, घूस-उंदरांच्या दाढांवर उंचवटे. त्यासाठी उंदीर मारायलाही नको. गव्हाणी घुबड जिथे बसते तिथे खाली केसांच्या आणि हाडांच्या गोळ्या पडलेल्या असतात. त्या पाण्यात भिजवून सोडवल्या की कवट्या मिळतात. आपल्या रानात कोणते उंदीर आहेत याचा हिशेब घुबड फुकट ठेवते. म्हणून अपशकुनी समजून घुबडाला हुसकू नका.

८. आमचा नवा नियम

हार्डविक पायांवर फसला, राउटनच्या काळची मंडळी रंगावर फसली, आम्ही बिळांच्या संख्येवर फसलो. तिघांची चूक एकच. एका खुणेवर जात ठरवली. म्हणून विभागाने आता असे ठरवले आहे :

(१) तीन खुणा जुळल्याशिवाय नाव द्यायचे नाही. शेपूट, बिळाचे तोंड आणि राहण्याची जागा. प्राणी हाती आला तर दाढा ही चौथी.

(२) नाव दिल्याशिवाय औषध टाकायचे नाही.

(३) नुकसान जिथे, तपास तिथून. बांधावरची बिळे डोळ्यांत भरतात, पण कुरतडलेल्या उसाच्या बुडापासून सुरुवात करायची. पाचट उचलून बघायचे.

(४) संध्याकाळी सगळी बिळे बुजवून सकाळी कोणती उघडली ते बघायचे. त्यावरून चालू बिळे कळतात. पण जर्बिल आणि घूस दोघेही तोंड बुजवणारे, म्हणून बुजलेले बिळ म्हणजे रिकामे बिळ असे एका दिवसात समजायचे नाही.

(५) विषारी आमिषाआधी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष द्यायचे. उंदीर संशयी असतो. थोडे विष खाऊन वाचला, तर पुन्हा त्या आमिषाला शिवत नाही. कोणते औषध, किती प्रमाणात, हे दरवेळी कृषी विभागाच्या चालू शिफारशीप्रमाणेच.

(६) मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलायचा नाही. हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी वापरा, खोल पुरा. एकाएकी बरेच उंदीर मरून पडलेले दिसले आणि औषध टाकलेले नसेल, तर हात न लावता लगेच आरोग्य केंद्राला कळवा.

(७) लोळलेला ऊस, न काढलेले गवत आणि रुंद बांध ही उंदरांची माहेरघरे. बांध बारीक आणि स्वच्छ ठेवणे हे सगळ्या जातींवरचे औषध आहे.

आणि आठवा नियम आम्ही आमच्या स्वतःसाठी केला आहे. शेतावर गेल्यावर आधी घरातल्या जाणत्या माणसाला विचारायचे. एलियटने वडारांना विचारले, म्हणून त्याची यादी आजही उपयोगी पडते. आम्ही आजींना विचारले असते, तर त्या सभासदांचा निदान तीन आठवड्यांचा ऊस वाचला असता.

सरावासाठी प्रश्न

१. आपल्या शेतातली उंदरांची बिळे मोजा. किती कोरड्या बांधावर आणि किती ओलिताच्या सरीत आहेत?

२. किती बिळांच्या तोंडावर ताज्या मातीचा ढीग आहे?

३. आपल्या गावात या चार उंदरांना कोणती नावे आहेत? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढा.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे गट ऑफिसमध्ये आणून द्यावीत, ही खास विनंती. एका गावात ज्याला घूस म्हणतात त्याला दुसऱ्या गावात नुसतेच रानउंदीर म्हणत असतील, तर आमचा निरोप आणि तुमचे शेत यांची गाठ पडायची कशी? सगळ्या गावांची नावे आली, की त्यांचा तक्ता करून गट ऑफिसच्या भिंतीवर लावू. त्यात आजींनी सांगितलेले 'गोंड्याचा' हे नाव आम्ही आधीच पहिल्या ओळीत लिहून ठेवले आहे.